व्याह्यांच्या टोपीवरची काजळी

काराकोल, ३ मार्च

चि. कनिशायला मामाचे अ. उ. आ. आणि एक तक्रार.

इकडे सर्व कुशल, फक्त माझं नाक कापलं गेलं आहे. फोनच करणार होतो, पण हे प्रकरण लेखीच हवं आहे. का, ते पुढे कळेलच.

रविवारी आम्ही इशेनबायकडे गेलो. तुझ्या मामीने त्यांच्या झिबेकच्या कानांत कानातले घातले, म्हणजे आपल्या एल्दियारचं लग्न ठरलंच. पोटं फुटेस्तोवर जेवलो. निघताना इशेनबाय पोचवायला अंगणात आले आणि गाडीच्या मागे उभे राहिले, डोक्यावर कोरी करकरीत पांढरी कल्पाक टोपी. तू निवडून दिलेली गाडी, तेव्हा म्हटलं जरा ऐट दाखवावी. पेडल दाबलं तळापर्यंत. भस्सकन काळा ढग! वळून बघतो तर व्याह्यांची टोपी कोळशाच्या पोत्यासारखी. जी टोपी आपण जमिनीलासुद्धा टेकू देत नाही, तिचं मी हे केलं. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि आत गेले. संध्याकाळी निरोप आला की कानातले सध्या डबीत राहतील.

मामी म्हणते, दृष्ट लागली. म्हटलं, अगं तूच रोज सकाळी अर्चा झुडपाची फांदी पेटवून, अलास-अलास करत गाडीभोवती धुरी देतेस, मग दृष्ट लागेलच कशी? तर म्हणते, मग तीच धुरी आत साठली असेल.

तू मला म्हणाली होतीस की ही नव्या जातीची पेट्रोलगाडी आहे, ट्रकसारखा धूर ओकणार नाही. इशेनबाय गणिताचे मास्तर होते. त्यांचं म्हणणं, हा बिघाड होता की माझा हेतू होता, ते इंजिनांच्या प्रयोगशाळेतल्या भाचीने सहीनिशी लिहून द्यावं, मग लग्नाचं बघू. एल्दियारने अन्न सोडलं आहे. म्हणजे घरचं. काल बाजारात आश्ल्यान-फूच्या गार शेवयांच्या दोन वाट्या रिचवताना दिसला.

मायेवर काजळी धरू देऊ नकोस.

तुझा सोवेतबेकमामा


बिश्केक, ६ मार्च

ती. सोवेतबेकमामांस कनिशायचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हसले नाही. इशेनबायकाकांना वाचून दाखवता यावं म्हणून पुढचं सरळ लिहिते.

धूर निळा असेल तर इंजिनाचं तेल जळतं आहे. पांढरा आणि दाट असेल तर पाणी. काळा म्हणजे पुरतं न जळलेलं पेट्रोल. तुमच्या जुन्या मोस्कविच गाडीत पेट्रोल आणि हवा आधी एकत्र होऊन मग सिलिंडरमध्ये जात. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारलं जातं. हवेत मिसळायला त्याला जो वेळ मिळतो, तेवढ्यात आपली पापणीसुद्धा पुरती मिटत नाही. पेडल एकदम तळाला नेलं की फवारा वाढतो. इंजिन थंड असेल तर त्यातलं काही पेट्रोल पिस्टनच्या माथ्यावर ओलंच राहतं आणि काजळी धरत जळतं. त्यामुळे गाडीत काही बिघाड नसतानाही काळा भपका निघू शकतो.

ढग मात्र निघायला नको. त्या ढगाचं कारण तुम्ही आहात. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसणार. घर ते बाजार आठशे मीटर, तेही गोगलगाईच्या चालीने. चार महिन्यांत इंजिन एकदाही नीट तापलेलं नाही. धुराच्या नळीत बसत गेलेली काजळी काकांच्या अंगणात एका दमात बाहेर आली. मामीची धुरी निर्दोष आहे, तिला सांगा.

प्लग आणि हवेचा फिल्टर तपासून घ्या. मग गाडी तळ्याकाठच्या रस्त्याने चांगल्या वेगात चोल्पोन-आता गावापर्यंत नेऊन आणा. काकांना शेजारी बसवा. साक्षीदार हवा.

यापुढे धूर मुळीच येणार नाही, असं वाक्य तुम्हाला हवं असेल. ते मी लिहिणार नाही. थोडा येईल. शून्य नाही. गाडी घेताना पेडलाबद्दल सांगायला मी विसरले, ती चूक माझी. हेतूचं विचाराल तर मामांना ऐट आहे, कपट नाही. हे मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत नाही, पण माझं सव्वीस वर्षांचं निरीक्षण आहे.

लोभ असावा, पेडलावरचा कमी असावा.

कनिशाय


काराकोल, १४ मार्च

चि. कनिशायला अ. उ. आ., मोजून ठेव, जास्तच पाठवतो आहे.

इशेनबायनी पत्र लाल पेन घेऊन वाचलं. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. तू जिथे लिहिणार नाही म्हटलं आहेस, तिथे थांबून तो परिच्छेद पुन्हा वाचला, आणि थेट गाडीत जाऊन बसले. बसताच प्लास्टिक करकरलं. त्यांनी ते स्वतःच्या हाताने टराटरा फाडून काढलं! मामी तिथे असती तर रडली असती.

सुरुवातीला मी शंभरलाच घाबरत होतो. तर शेजारून मास्तर म्हणतात, दाबा, सोवेतबेक, तुम्ही काय मेंढ्या हाकताय? परतीला आम्ही दोघे म्हातारे एकच खारवलेला मासा फाडून खात, गाणी म्हणत आलो. दोघांचे सूर वेगळे, गाणीही वेगळी.

अंगणात पोचल्यावर त्यांनी पांढराशुभ्र रुमाल काढला, नळीपाशी धरला आणि मला पेडल दाबायला लावलं. तीन वेळा. रुमालावर मसुरीएवढा करडा डाग! एल्दियार भिंतीला टेकला. मास्तर मात्र डागाकडे बघून खदखदून हसले. म्हणाले, मुलीने थोडा लिहिला होता, थोडाच आला. सख्ख्या मामासाठीसुद्धा जी पोरगी शून्य लिहीत नाही, तिच्या घरात माझ्या झिबेकला कोणी फसवणार नाही.

कानातले डबीतून निघून कानात गेले. त्यांची अट एकच: लग्नाच्या दिवशी नवरीच्या गाडीत पेडलावर माझा पाय नको, तुझा हवा. मी भांडलो. हरलो.

ये, आणि मामावरची माया गिअरात ठेव.

सोवेतबेकमामा


बिश्केक, १७ मार्च

ती. सोवेतबेकमामांस शि. सा. न. वि. वि.

येते. गाडी मी चालवीन. निघण्यापूर्वी मामीने धुरी अवश्य द्यावी, मात्र पांढऱ्या टोपीवाल्यांनी गाडीच्या पुढे उभं राहावं.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत उघडलं. मेंढ्यांपर्यंत गंभीर होते. दोन गाण्यांपाशी आवाज निघाला आणि शेजारच्या खोलीतून दोघे धावत आले, काय फुटलं ते बघायला.

तेव्हा एक दुरुस्ती. मागच्या पत्राखाली माझी सही आहे आणि त्यातलं एक विधान खोटं आहे. दुसरंच वाक्य: ‘हसले नाही.’ काकांना ते लाल पेनने खोडायला सांगा.

लोभ आहेच, तो थोडा वाढेल. थोडा.

कनिशाय