तुमच्या आइसकांड्या मऊ कशा?

बाबा,

साखरेचा डबा मी ऑफिसला घेऊन चाललेय. शोधत बसू नका.

काल छकुलीसाठी आपण दोघांनी फळांच्या आइसकांड्या केल्या. माझ्या दगडासारख्या गोठल्यात, तुमच्या अजून भुसभुशीत. साखर पडली की बर्फ नीट धरत नाही. जन्मभर बेकरी चालवलीत आणि तुम्हाला हे मी सांगायचं?

आज पिकलेली केळी आणि चिकू मिक्सरमधून काढा, साच्यात भरा, बस्स. नात तुमच्याच हातची मागते, म्हणून काम तुमच्याकडेच.

तिची किडलेली दाढ काढताना मी तिला धरून बसले होते. तुम्ही दवाखान्याबाहेर डोळे पुसत उभे होतात. पुन्हा तशी वेळ आली, तर आत तुम्ही बसायचं.

सूनबाई