ताटापुढचं कार्ड

आई, काल समितीच्या बैठकीत एका जुन्या फोटोत तुझं ताट पाहिलं. पितळेचं, कडेला पोचा आलेलं, भायखळ्याहून निघताना ज्याच्यासाठी तू दोन साड्या मागे ठेवल्या होत्यास तेच. फोटोत तू नाहीस. निळ्या साडीतला तुझा कोपर तेवढा आला आहे, आणि ताटापुढे उभं केलेलं एक पांढरं कार्ड.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता त्याच गावात राहते, जिथे तू आठवड्यातून तीन सकाळी पेताह तिक्वाहून बसने फरशा पुसायला जायचीस. हसू नकोस. नवऱ्याची नोकरी तेल अविवला, मुलांना इथल्या शाळा चांगल्या, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्या उंच कुंपणांच्या आत राहून बघायची मला हौस होती. गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय. मी वाचनालयात काम करते, म्हणून मला समितीत घेतलं. पहिल्या शेतकऱ्यांनी विहीर कुठे खणली, संत्र्यांच्या बागा कोणी लावल्या, त्या विकून बंगले कसे उठले, सगळं आम्ही लिहून काढलंय. पाण्याची जुनी टाकी उभी आहे. संत्री पेट्यांत भरायच्या शेडमध्ये आता महागडी कॉफी मिळते. कोणतं झाड कोणाच्या आजोबांचं हेसुद्धा लोकांना पाठ आहे. त्या झाडांची पानं कोण झाडायचं हे कोणी विचारत नाही, आणि मीही ते सुचवलेलं नाही.

स्थापनेच्या दिवसाची रीत तुला आठवत असेल. सगळ्यात जुन्या घराच्या, म्हणजे तू ज्यांच्याकडे कामाला होतीस त्या बाईंच्या हिरवळीवर गाव जमायचं. प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा आणि त्याच्यापुढे कार्ड असायचं, वर पदार्थाचं नाव, खाली घराण्याचं. फोटोतल्या त्या वर्षी बाईंचा मुलगा लेबनॉनच्या लढाईत होता आणि तीन दिवस त्याची खबर नव्हती. बाई स्वयंपाकघरात फोनजवळ बसून राहिल्या होत्या. तू नळ बंद केलास आणि ओल्या हातांनीच आपल्या संदेष्ट्याला, एलियाहू हनबीला, नवस बोललीस, पोरगं सुखरूप येऊ दे, मलिदा करीन. बाईंना काही सांगितलं नाहीस. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

मी तेव्हा सैन्यात होते, सुट्टीवर घरी आले होते. मलिदा त्याच घरात व्हायला हवा, तिथल्या पुरुषांनी त्यावर ब्राखेची प्रार्थना म्हणायला हवी, असं तू ठरवून टाकलं होतंस. मी म्हणाले, त्यांना मलिदा ठाऊकच नसणार. तू खोबरं किसायचं थांबवलं नाहीस.

"यहुद्याचं घर आहे. एलियाहू हनबीला कोण ओळखत नाही गो?"

ओळखतात सगळेच. पण मलिदा फक्त आपण मराठी यहुदीच करतो, हे मला छावणीत बाकीच्या यहुदी मुलींमध्ये राहिल्यावर कळलं होतं. तुला वीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण तू जिथे जिथे मलिदा खाल्लास ती सगळी आपलीच घरं होती. मी नारळाची दुसरी वाटी तुझ्यापुढे सरकवली. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं आणि मधोमध गुलाब, असं ताट मांडीवर धरून तू बसमध्ये बसलीस, आणि मी अशी बसले होते की आपण बरोबर आहोत हे कोणाला कळू नये.

बाईंनी तुला मिठी मारली. ताट चीजकेकच्या शेजारी ठेवलं, माझ्या हातात कार्ड नि पेन दिलं आणि हे काय आहे ते लिही म्हणाल्या. तू डोक्यावर पदर घेऊन ताटापाशी उभी राहिलीस, पुरुष येऊन सुरुवात करतील म्हणून. मी त्या माणसांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या वाइनच्या ग्लासांकडे पाहिलं. नवस, ब्राखा, ओले हात हे सगळं त्यांना समजावून सांगायची मला लाज वाटली. मी लिहिलं, "भारतीय गोड पदार्थ". खालची घराण्याची ओळ कोरी ठेवली. लोक चमच्याने वाढून घेऊ लागले. मुलगा स्वतः आला, वाळलेला, रापलेला, आणि दोनदा घेऊन गेला. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझं हिब्रू साबण, फरशी आणि डॉक्टरपुरतं होतं. हे मीच सांगायचं होतं. मी म्हणाले, शुक्रवार आहे, शब्बाथ लागला की बस बंद होतील, चल.

घर जवळ आलं. मग तू एवढंच म्हणालीस, "मी त्या पोराच्या जिवासाठी हात जोडले होते. तू त्याची मिठाई करून टाकलीस."

पुढच्या आठवड्यात तू आपल्या माणसांना बोलावून पुन्हा मलिदा केलास, नवस लटकत राहू नये म्हणून. मला खोबरं किसायला दिलंस, पण त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलली नाहीस. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

हा कागद मी त्या फोटोच्या प्रतीबरोबर तुझ्या ताटाखाली ठेवणार आहे. ताट माझ्याकडेच आहे, पण त्यात मी कधी मलिदा केलेला नाही. काल तो फोटो घेऊन आला होता तो बाईंचा मुलगाच. आता डोक्यावर केस नाहीत, पोट सुटलंय, त्याच्याही दोन मुली आहेत. मला त्याने ओळखलं नाही. जुन्या आल्बममधले फोटो एकेक करून टेबलावर ठेवत होता आणि आम्ही प्रत्येकाखाली काय छापायचं ते ठरवत होतो. तुझ्या ताटाशी तो थांबला. म्हणाला, त्या दिवसातलं बाकी काही आठवत नाही, पण याची चव आठवते. भिंग घेऊन त्याने कार्ड वाचलं, माझं वीस वर्षांच्या वयातलं अक्षर, आणि मग माझ्याकडे वळला.

"तुम्ही भारतातल्या ना? हे नक्की काय होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई, मी म्हणाले, कार्डावर लिहिलंय ते बरोबर आहे.