मावशीचं नाव यादीत नव्हतं

माय, मावशी आता कारखान्यात येत नाही. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं.

तू गेलीस त्याला सतरा वर्षं झाली, म्हणून आधी कारखान्याचं सांगते. भंडाऱ्याजवळ आम्ही इलेक्ट्रोलायझर बनवतो, म्हणजे पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वेगळा काढणारं यंत्र. वीज उन्हापासून केलेली, त्यामुळे धूर नाही. आत निकेलच्या बारीक जाळ्या आणि त्यांच्यामध्ये कापडासारखा पडदा, असे कितीतरी थर रचून घट्ट आवळायचे. जाळीची एखादी तार जराशी वर आलेली असली तर ती पडद्याला भोसकते, दोन्हीकडचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळतात आणि स्फोट होऊ शकतो. जाळ्या तपासणाऱ्या विभागाची मी प्रमुख आहे. सुरुवातीला महिन्याला एक यंत्र निघायचं, तेही रखडत, कारण ती वर आलेली तार डोळ्यांना दिसायचीच नाही.

तेव्हा मला आसगावचं आपलं अंगण आठवलं. तू मासोळीचं जाळं मांडीवर घेऊन बसली आहेस, मी विणलेली बाजू तुझ्या हातात आहे. "डोये काहून फाडून पाहून राहिली? बोटं फिरव!" तू ओरडतेस आणि माझी सगळी वीण उसवून टाकतेस. मी रडते, मग मावशी मला कडेवर घेऊन तलावाकडे जाते. कारखान्याच्या साहेबांना म्हटलं, माझ्या गावात अशी बोटं आहेत. जाळी विणणाऱ्या घरांतल्या आठ बायका मी कामावर आणल्या. सगळ्यांत आधी मावशीला.

पहिल्याच आठवड्यात तिनं एक जाळी बाजूला ठेवली. साहेबांनी भिंगाखाली धरली, त्यांना काही दिसेना. "सायेब, ते भिंग ठेवा न बाजूले. इथं बोट फिरवून पाहा," मावशी म्हणाली. त्यांनी बोट फिरवलं आणि बोटावर रक्ताचा थेंब आला. त्या दिवसापासून तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही जाळी पुढे जात नसे.

मग मागणी वाढली. दिवसाला एक यंत्र हवं, असं ठरलं. तपासणीसाठी कॅमेरे आले, पण खोट कशी असते ते कॅमेऱ्यालाही आधी शिकवावं लागतं. चार महिने बायका बोटांनी खोट शोधून तिथे लाल खूण करत होत्या आणि कॅमेरा फोटो घेत होता. सगळ्यांत जास्त खुणा मावशीच्या. ती मला हसून म्हणायची, "हा तं तुह्यापेक्षा लवकर शिकून राहिला वो." मला तेव्हाच कळलं होतं पुढे काय होणार. मी हसले होते.

कॅमेरा शिकून झाल्यावर आठांतल्या दोघी ठेवायच्या ठरल्या, स्क्रीन वाचता येणाऱ्या. मावशीला वाचता येत नाही. शेवटच्या दिवशी ती फाटकाशी डबा धरून उभी होती.

"चांगला शिकला न तो?"

"हो, मावशी."

"मंग मले काहून काढून राहिले? मी तं कुठं चुकली नाही."

"वरून आलं, मावशी. माझ्या हातात नव्हतं."

माझे डोळे भरले तर तिनंच माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "जाऊ दे. तू नोको रडू. तुही नोकरी रायली न?"

माय, तू गेलीस तेव्हा मी शिकायला भंडाऱ्यात होते. सगळं सोडून गावी परत आले, तर याच बाईनं माझी पेटी डोक्यावर घेऊन मला पुन्हा भंडाऱ्याच्या एसटीत बसवलं होतं, आणि वर्षभर दर आठवड्याला येऊन माझ्या खोलीवर भात रांधून ठेवला होता.

वरून काहीच आलं नव्हतं. ठेवायच्या बायकांची यादी करताना साहेब आपणहून म्हणाले होते, "तुमच्या मावशींना दुसरं काही काम देऊ. तुम्ही फक्त हो म्हणा." मी नको म्हणाले. नात्यातली म्हणून ठेवली, असं कुणी बोलू नये, एवढ्यासाठी. तिला कामावर आणलं तेव्हाही कुणी तसं बोललं नव्हतं.

हे सगळं खरं तर मावशीला सांगायचं आहे. ती अर्ध्या तासावर राहते. तुला सांगणं सोपं, म्हणून तुला लिहिलं.