चढावरचा नवा पंप

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हात डिझेलने माखलेले आहेत, तेव्हा पाय धरल्याचं लांबूनच मानून घ्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? आणि तुमची जीप अजून चढावर रुसते का? ती रुसते म्हणून दोन वर्षं तुम्ही आमच्याकडे फिरकला नाहीत, तेव्हा खरं तर तिचीच चौकशी आधी करायला हवी होती. आम्ही मजेत आहोत.

एक गोष्ट मात्र मन घट्ट करून कळवतो. तुम्ही दिलेल्या पिकअपचा डिझेल पंप मी बदलला. इंजिनाला हात लावशील तर याद राख, हे तुमचे शब्द मी विसरलेलो नाही, पण प्रसंगच तसा आला. (मामी, त्यांना जरा पाणी द्या आणि पुढचं तुम्ही वाचून दाखवा.)

झालं असं. गाद्या भरून निघालो की गाडी सपाटीवर छान पळायची आणि दवाखान्यापुढच्या चढावर, नेमकी मध्यावर, मान टाकायची. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. आता मागे कापसाच्या पंधरा गाद्या, अंगावर मोकळी हवा आणि हातात अर्धा तास, म्हणजे माणूस आडवा होणारच. मीही झालो. तुमची भाचेसून त्याच दवाखान्यात कामाला आहे, आणि ती नेमकी तेव्हाच बाहेर पडली. तेव्हापासून तिचं ठाम मत आहे की गाडी बंद पडत नाही, मी पाडतो. आणखी एकदा बंद पडली तर भंगारवाला दारात उभा करीन, असं तिने चहा ओतता ओतता शांतपणे सांगितलं. ओरडली असती तर मी एवढा घाबरलो नसतो.

मग फोरमनचं गॅरेज गाठलं. (त्याच्या हाताखाली कोणीही नाही, तरी तो फोरमनच.) त्याने बॉनेट उघडलं, पंपाला कान लावला आणि याचा दम संपला असं जाहीर केलं. टाकीजवळ बसणारा, विजेवर चालणारा, जोरात ओढणारा पंप बसवा म्हणाला. बसवला. मामा, काय सांगू! किल्ली फिरवली की आधी गुणगुणतो आणि गाडी एका झटक्यात सुरू. सकाळी डिझेल वर चढवायला इंजिनावरचा हातपंप दाबून अंगठा सुजायचा तेही संपलं. मी इतका हुरळून गेलो की हिला शेजारी बसवून आपणहून त्याच चढावर नेलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं ते हेच.

मध्यावर गाडी बंद. भरीस भर म्हणून खालून ठण्ण असा आवाज. वाकून पाहतो तर डिझेलची टाकी उपाशी माणसाच्या पोटासारखी आत गेलेली. हिने मागच्या गाद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. (मी गाद्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, शप्पथ.) डिझेलचा काटा तर तुमच्या काळापासूनच मेलेला, म्हणून डिझेल संपलं असेल असं समजून तिने कॅन उचलला आणि टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीने एवढा लांब श्वास आत घेतला की ही दोन पावलं मागे सरली. टाकी डब्बकन अर्धीअधिक फुगली आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू! झाकणाखाली, मामा, तुम्ही स्वतः ट्यूब कापून बसवलेलं रबर होतं. डिझेलचा थेंब बाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही हवेलाही आत येण्याची बंदी केली होती. जुना पंप बिचारा बूच लावलेल्या बाटलीतून ओढत होता. नव्या पंपाने जोर लावला, तर टाकीच ओढली.

रबर काढलं. आता भरली गाडी न थांबता चढते. हे सगळं पंपाचंच यश, असं फोरमन गावभर सांगतो. भंगारवाला टळला. सुट्टीच्या दिवशी ही स्वतः गाडी चालवते आणि मी मागे गाद्यांवर असतो, आता राजरोस.

मामींना नमस्कार.

तुमचा,
गादीवाला भाचा

ता.क. टाकी अजून जरा पोचलेलीच आहे. तुमच्या शेडमागे जुनी पडली आहे, ती मिळेल का?

ता.क. दुसरा. हिने पत्र वाचलं. टाकीचं निमित्त पुरे, खरं ते लिहा म्हणते. तर खरं असं की त्या ट्यूबचा पहिला तुकडा तुम्ही स्वतःच्या जीपच्या टाकीच्या झाकणाला लावला होतात, उरलेला माझ्या पिकअपला. तुम्हीच अभिमानाने सांगितलं होतं. तो काढा आणि मामींना घेऊन या. फार आठवण येते. चढाच्या वरच्या टोकाला आम्ही दोघं उभे राहू. पंपाबद्दल काय बोलायचं ते तिथेच, समोर उभं करून बोला.