आईचा तांबडा सदरा

मोहोकारे वस्ती,
४ जून १९५६

ती. तेफोदादास,
पुसेलेत्सोचा प्रेमपूर्वक नमस्कार वि. वि.

मोलेफीकडून हे वाचून घेताना खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर पाठव.

आईला तुरुंगातून सोडलं, पण छातीत कफ भरलाय. आंबीलसुद्धा दोन घोटांपुढे जात नाही. बायकांवर सरकारी परवान्याचा पास लादायला नको म्हणून मोर्चा निघाला, त्यात ती चर्चमधल्या बायकांच्या गुरुवारच्या प्रार्थनेचा तांबडा सदरा घालून गेली होती. त्यावरून पाळकसाहेबांनी तिचा, सेल्लोआनेमावशीचा आणि आणखी काहीजणींचा सदरा काढून घेतला. तो प्रार्थनेचा आहे, सरकारशी भांडायचा नाही, म्हणाले. माफीच्या कागदावर अंगठा दिला की परत मिळेल.

आई म्हणते, प्रार्थनेतूनच मी रस्त्यावर गेले, माफी कशाची मागू? आणि लगेच विचारते, मला त्याच सदऱ्यात पुरशील ना? दोन्ही कसं जमवू? कागद लिहायला पाळकसाहेबांनी मलाच सांगितलंय. घरात शिकलेली मी एकटी, आणि शाळेतली नोकरी त्यांच्याच हातात. झोप लागत नाही. लवकर कळव.

तुझी,
पुसेलेत्सो

जोहान्सबर्ग,
११ जून

चि. पुसेलेत्सोस अनेक आशीर्वाद.

लिहितोय मोलेफी, तेव्हा चुका माझ्या माथी मारू नकोस. मास्तरीणबाई, इतका विचार केलास तर लग्नाआधीच केस पिकतील. आईनं सदरा मागितलाय ना, मग कागद देऊन टाक आणि सदरा घे. देव काही तुझ्यासारखा लाल शाई घेऊन वह्या तपासत नाही. मुकादम रजा देत नाही, शनिवारी पुन्हा विचारतो. तिला म्हणावं, मी येईपर्यंत थांब.

माया आहेच, ती अशीच ठेव.
तेफो

मोहोकारे वस्ती,
२९ जून

ती. दादास नमस्कार वि. वि.

तार पोचली असेल. आईला बावीस तारखेला पुरलं, तांबड्या सदऱ्यात. तू म्हणालास तसंच केलं. ती ग्लानीत होती. तिचा अंगठा धरायला माझा हात धजला नाही, म्हणून माझाच उठवला. पाळकसाहेबांनी नीट पाहिलंही नाही.

मला वाटलं, कागद कपाटात जाईल. त्यांनी तो शवपेटीशेजारी उभं राहून सगळ्यांसमोर वाचला. सदरा गेलेल्या बायका फाटकाबाहेर साध्या कपड्यांत आईसाठी गात होत्या. गाणं मध्येच थांबलं. सेल्लोआनेमावशी म्हणाली, चला गं, ही आपल्यातली नव्हती. तुरुंगात आईबरोबर एका घोंगडीत निजलेली बाई ती. मूठभर माती न टाकता सगळ्या गेल्या.

काल गुरुवार. त्या आता चर्चबाहेर निलगिरीखाली प्रार्थना करतात. मी तिथं जाऊन सगळं सांगितलं. मग मावशी म्हणाली, अंगठा तुझा तर माफीही तुझीच, आधी ती परत घेऊन ये. मी तशीच पाळकसाहेबांकडे गेले. माझा स्वतःचा प्रार्थनेचा सदरा घडी करून टेबलावर ठेवला आणि कागद मागितला. त्यांनी सदरा ठेवून घेतला, कागद दिला नाही. सोमवारपासून शाळेत येऊ नकोस म्हणाले.

मी परतले तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं.

आज सकाळी कबरीवर गेले. वरची माती जूनच्या थंडीनं कडक झालीय. तिच्यावर एक मूठ नवी माती पडली होती. एकाच हाताची.

तुझ्यावर राग नाही, दादा. रजा मिळाली की ये, आणि तोवर मला अंतर देऊ नकोस.

तुझी,
पुसेलेत्सो