‘अढळ’चा ळ

२ जानेवारी
‘अढळ’ भंगारात निघाली! जोडीदाराचा फोन होता. मी फळीवर लोंबकळत जहाजांवर नावं रंगवायचो, तेव्हा वरून दोरी सांभाळणारा तोच. युद्धनौकांच्या यादीतून नावही कमी केलं म्हणे. गोदीत पस्तीस वर्षं घातली, पण मी रंगवलेलं पहिलं नाव तिचं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. हिनं विचारलं, “कुणी गेलं का?” हो म्हणालो.

९ जानेवारी
लेक आली. टीव्हीच्या मालिकेसाठी अंतराळयानांच्या प्रतिकृती बनवतेय. सगळ्या यानांना खऱ्या युद्धनौकांची नावं द्यायचीत. मुख्य यानाचं अडलंय. “बाबा, सुचवा ना.” मी घसा खाकरतोय तोवर स्वयंपाकघरातून ही ओरडली — “अढळ!”

३ मार्च
लेकीच्या कामाच्या जागी गेलो. दोन हात लांब यान, पिछाडीवर मी रंगवलेलं नाव! जुन्या फोटोवरून हुबेहूब उतरवलंय. हुबेहूब म्हणजे — ळ खाली घसरलेला, शिरोरेषा तुटलेली! मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चूक माझीच. साहेबानं तेव्हा चांगलंच झापलं होतं, पण नौका निघायची घाई, तशीच गेली.
“अगं, सरळ कर तो.”
“मुळीच नाही! त्यानंच तर यान खरं वाटतं.”
कुणावर गेलीय कोण जाणे.

१४ जून
मालिका सुरू! कप्तान म्हणाला, “अढळ निघाली,” तेव्हा ही टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. शेवटी लेकीचं नाव दोन सेकंद आलं. मी चक्क उठून उभा राहिलो. ऊर भरून आला, इथं काय लपवायचं!

१७ जून
न्हाव्याला सगळं सांगितलं. परवाच सांगून झालंय म्हणे.

११ नोव्हेंबर
गोदीचं पत्र. नव्या युद्धनौकेचं नाव ठरलं — अढळ! खलाशांनीच मागून घेतलं. पण त्या पोरांना जुनी नौका ठाऊकच नाही, मालिकेतलं नाव म्हणून हवंय! आधी डोकंच फिरलं. मग हसू आवरेना. नाव जगलं ना, बस! रंगवायला मलाच बोलावलंय. वर ताकीद — ळ मालिकेतल्यासारखाच खाली हवा.
ब्रश काढून धुतले. ही म्हणाली, “या वयात फळीवर?” आणि मग चष्मा पुसून दिला.

२ डिसेंबर
रंगवलं. ळ या वेळी मुद्दाम खाली घेतला. लेक धक्क्यावर उभी होती. खाली उतरल्यावर म्हणाली, “बाबा, तेव्हा ळ खाली कसा गेला?”
आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं — ळ काढत होतो, तेवढ्यात वरून जोडीदार ओरडला, “अरे, मुलगी झाली तुला!”