साडूचे सात किलो

१० डिसेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर काठावर आहे. तीन आठवडे गोड बंद आणि रोज अर्धा तास चालणं, नाहीतर गोळी. मी म्हटलं, दोन आठवडे पुरेत. त्यावर त्या म्हणाल्या, तुमच्या साडूंचीही अशीच होती, त्यांनी सात किलो उतरवले. एका पेशंटचं दुसऱ्याला सांगू नये. डॉक्टर बदलावा का, विचार चालू.

११ डिसेंबर, सकाळी ५.३०
गजर झाला. ६.४० ला उठलो. साडू बस चालवतो, म्हणजे दिवसभर बसूनच. तरी सात किलो. ब्रेक दाबण्यात व्यायाम होत असणार. मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवतो, त्यात पायाला काय मिळणार?

१४ डिसेंबर
सुट्ट्यांचा हंगाम. फ्रेमवाल्या कंपनीकडून चॉकलेटचे दोन मोठे डबे आणि टॉफ्या. टॉफ्या काउंटरवर मुलांसाठी ठेवल्या. मुलांना द्यायच्या आधी चव बघणं ही दुकानदाराची जबाबदारी. सहा बघितल्या. रंग वेगळे होते.

१७ डिसेंबर
पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. आज ६,२०० पावलं. दुकानातून हललो नाही, पण लेन्स पुसताना हात हलतो आणि घड्याळाला ते चालणं वाटतं. घड्याळाशी वाद कशाला घालायचा? साडूला आकडा पाठवला. त्याचे ११,०००. त्याचं घड्याळ बिघडलेलं दिसतंय.

२१ डिसेंबर
मेव्हणीकडे जेवण. साडूने जुनी पँट घालून दाखवली. कमरेत अख्खी मूठ जाते. बायको म्हणाली, "भाऊजी, अगदी कॉलेजातले वाटता." आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या बाबतीत कॉलेजचा विषय कधी निघाला नाही. सासूबाईंनी मला केकचा दुसरा तुकडा आपणहून वाढला. म्हणाल्या, "तुम्ही घ्या हो, तुम्हाला काय फरक पडतोय."
घरी येईपर्यंत पोटात दुखत होतं. केकमुळेच.

२६ डिसेंबर
काल साडूला चॉकलेटचा एक डबा भेट दिला. मनात काही नव्हतं. माणूस आहे, घसरला तर घसरला.
आज बायकोने फोनवर फोटो दाखवला. साडूने तो डबा बसमधल्या प्रवाशांना वाटला. सगळे हसतायत, एका आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय. बायको म्हणाली, "किती मोठं मन आहे भाऊजींचं." डबा कोणाचा होता, हे कोणी विचारलं नाही.
दुसरा डबा दुकानात होता. आता नाही.

३१ डिसेंबर
रिपोर्ट आला. साखर वाढली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "तीन आठवडे काय केलंत?" घड्याळ दाखवणार होतो, दाखवलं नाही. गोळी सुरू.
बाबांची नजर साखरेनेच गेली होती. गिऱ्हाइकांना हे नेहमी सांगतो. बायकोला रिपोर्ट दिला. तिने आत जाऊन बहिणीला फोन केला.

२ जानेवारी
सकाळी सहाला बेल. दारात साडू. म्हणाला, "चला दादा, माझी ड्युटी नऊची आहे." मी बूट घातले.
मी त्याला मागे टाकायचं ठरवलं होतं. तिसऱ्या खांबापाशी धाप लागली, पण नशीब, तेवढ्यात तोच थांबला. बुटाची लेस सुटली म्हणून खाली वाकला. पुढे बागेच्या फाटकाशी पुन्हा सुटली. मग पुलावर. तिन्ही वेळा मला आयती विश्रांती मिळाली. मनात म्हटलं, सात किलो उतरवले, पण लेस बांधता येत नाही. फार बरं वाटलं. अर्धा तास पूर्ण झाला.
घरी बायकोने त्याला पाणी प्यायला आत बोलावलं. मी उंबऱ्यावर बसून बूट काढत होतो. शेजारी त्याचे होते.
चिकटपट्टीचे. लेस नव्हतीच.